मोकळ्या मनाने निवड: संत इग्नेशियस यांच्या पद्धतीने मोठा निर्णय कसा घ्यावा

देवाची इच्छा कळली की मग ठरवू, असं म्हणत पुष्कळ भाविक माणसं महत्त्वाचा निर्णय महिनोन्‌महिने लांबवतात. उत्तर देवाने आधीच लिहून ठेवलंय आणि आपण ते फक्त हुडकून काढायचं, अशी त्यामागची समजूत असते. येशूसंघ (जेझुइट) या कॅथलिक संघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला (१४९१–१५५६) यांनी घालून दिलेली पद्धत या समजुतीवर उभी नाही. तिच्यात माणूस खरोखरच निवडतो आणि देव त्या निवडण्याच्या आत राहून काम करतो. म्हणून तिचा जवळपास निम्मा वेळ निवडणाऱ्याचं मन मोकळं करण्यात जातो. प्रत्यक्ष निवड त्यानंतर बरीच सोपी होते.

ही पद्धत त्यांच्या ‘आध्यात्मिक साधना’ या लहानशा पुस्तकात आहे. पोप पॉल तिसरे यांनी ३१ जुलै १५४८ रोजी त्याला मान्यता दिली. परिच्छेदांचे क्रमांक सगळ्या भाषांतल्या आवृत्त्यांत सारखेच असतात. निवडीचा भाग १६९ ते १८९. खाली कंसात आलेले सुटे आकडे याच परिच्छेदांचे आहेत.

आधी बैठक पक्की करा

देवाची कृपा वाढली की माणसाचं स्वातंत्र्य घटतं, असं मनात धरून बसलात तर पुढची एकही पायरी जमणार नाही. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात (२:१२-१३) प्रेषित पौल एका दमात दोन्ही गोष्टी सांगतो: आपलं तारण साधून घ्या, कारण इच्छा करणं आणि ती कृतीत आणणं हे तुमच्या ठायी देवच घडवतो. मध्ययुगीन धर्मशास्त्रज्ञ संत थॉमस अक्वायनस यांचं स्पष्टीकरण असं की देव प्रत्येक गोष्टीला तिच्या स्वभावाला धरून चालना देतो. इच्छाशक्तीला तो चालना देतो तेव्हा ती इच्छाशक्तीच राहते आणि कृती त्या माणसाचीच ठरते. कॅथलिक चर्चच्या ट्रेंट इथल्या परिषदेने १३ जानेवारी १५४७ च्या आदेशात हेच शिकवलं: देवाने जागं केलेली माणसाची इच्छा होकार देऊन सहकार्य करते आणि नकारही देऊ शकते. इग्नेशियस तर बजावतात की कृपेविषयी इतकं भरभरून बोलू नये की त्यातून स्वातंत्र्याचा नाश करणारं विष तयार होईल (३६९).

हे नेमकं कसं घडतं यावर डोमिनिकन संघातले धर्मशास्त्रज्ञ बान्येस आणि येशूसंघीय धर्मशास्त्रज्ञ मोलिना यांच्या अनुयायांत अनेक वर्षं वाद चालला. १६०७ मध्ये पोप पॉल पाचवे यांनी कोणत्याही पक्षाला दोषी न ठरवता तो थांबवला. साधना करणाऱ्याला त्या वादाच्या निकालाची गरज नाही. प्रोटेस्टंट वाचकांसाठी एवढंच: प्रोटेस्टंट सुधारणेचे प्रवर्तक मार्टिन ल्यूथर इच्छाशक्तीला बद्ध म्हणतात ते तारणाच्या संदर्भात. ल्यूथरपंथीयांच्या १५३० च्या आउग्सबुर्ग विश्वासप्रकटनाचं १८ वं कलम व्यवहारातल्या निवडीत माणसाला काही एक स्वातंत्र्य आहे असं मान्य करतं. नोकरी, घर, शिक्षण, सेवेचं क्षेत्र अशा प्रश्नांना ही पद्धत वापरायला त्यांनाही अडचण येऊ नये.

प्रश्न एका ओळीत लिहा

‘देवाला माझ्याकडून काय हवंय?’ हा प्रश्न निवडीला घेता येत नाही, तो फार मोठा आहे. ज्याला ‘हो’ किंवा ‘नाही’ म्हणता येईल, जे करणं तुमच्या हातात आहे आणि ज्याला मुदत आहे, असा प्रश्न हवा. पुढे सगळीकडे एकच उदाहरण धरू. वसईतली एक परिचारिका मुंबईतल्या रुग्णालयात काम करते. तिला कुवेतमध्ये दोन वर्षांच्या कराराची नोकरी मिळते आहे आणि उत्तर द्यायला तीन आठवडे आहेत. आईचं आठवड्यातून दोनदा डायलिसिस असतं. तिचा प्रश्न असा: ‘कुवेतची ही नोकरी मी स्वीकारू की नको?’

दोन गाळण्या लावा. पहिली: दोन्ही पर्याय स्वतःत चांगले किंवा निदान निर्दोष असले पाहिजेत (१७०). एजंट खोटं अनुभव प्रमाणपत्र बनवून देणार असेल तर पारख कसली करायची? तिथे उत्तर ठरलेलंच आहे. दुसरी: जी निवड कायमची होऊन गेली, उदाहरणार्थ विवाह किंवा धर्मगुरुपदाची दीक्षा, ती पुन्हा निवडीला घेता येत नाही (१७१–१७२).

मग माहिती गोळा करा. पगार किती, सुट्टी कधी, करार मोडला तर काय भरावं लागेल, डायलिसिसला आईला कोण नेणार. ही पायरी भक्तिमान माणसं हमखास गाळतात आणि जे फोन करून कळलं असतं ते प्रार्थनेतून कळण्याची वाट बघतात. या उदाहरणात सगळ्यात मोठी गफलत आईला न विचारण्याची होऊ शकते. मुलगी आईच्या वतीने रात्र रात्र विचार करते आणि आईचं स्वतःचं मत कधी समोर येतच नाही.

मन मोकळं करणं

पद्धतीचा गाभा इथे आहे आणि घाईही सगळ्यात जास्त इथेच होते. ‘साधने’च्या पायाभूत तत्त्वात (२३) इग्नेशियस म्हणतात: माणूस देवाची स्तुती, आदर आणि सेवा करण्यासाठी व त्यातून आपला आत्मा तारण्यासाठी निर्माण झाला आहे. बाकी सगळं त्यासाठीचं साधन. म्हणून आरोग्य की आजार, श्रीमंती की गरिबी, मान की अपमान, दीर्घायुष्य की अल्पायुष्य, यांपैकी कशाचीही ओढ आधीच धरून बसू नये. याला ते अनासक्ती म्हणतात. ती म्हणजे भावना मारून टाकणं नव्हे. तिला कुवेतला जावंसं वाटणं यात काही गैर नाही. ‘काहीही झालं तरी जायचंच’ किंवा ‘काहीही झालं तरी आईला सोडायचं नाही’ असं मन आधीच बांधून ठेवलं असेल, तर मात्र ती अजून निवडण्याच्या जागी आलेली नाही.

आसक्ती कुठे आहे ते शोधायला ‘तीन प्रकारच्या माणसांचा’ उतारा (१४९–१५७) वापरा. तिघांकडेही दहा हजार डुकॅट (सोन्याची नाणी) आले आहेत, तेही निव्वळ देवाच्या प्रेमापोटी मिळवलेले नाहीत. पहिल्याला त्या पैशाची ओढ सुटावी असं वाटतं, पण तो मरेपर्यंत काहीच करत नाही. दुसऱ्यालाही ओढ सुटायला हवी आहे, मात्र पैसा हातातच ठेवून. देवाने आपल्याला हवं तिथे यावं अशी त्याची व्यवस्था असते. तिसरा ठेवणं आणि सोडणं या दोन्हींना तयार असतो आणि देवाच्या सेवेला जे अधिक पोषक तेवढंच मागतो. बहुतेक श्रद्धाळू लोक दुसऱ्या माणसापाशी अडकतात. ओळखायची खूण अशी: प्रार्थनेत ‘मला जाऊ दे आणि आईलाही बरं वाटू दे’ यापलीकडचं वाक्य तोंडातून निघत नाही.

एका बाजूला झुकलेलं मन सरळ करायचा उपाय इग्नेशियस रोखठोक सांगतात: ओढ आहे त्याच्या उलट गोष्ट देवाकडे मागा (१६, १५७). कुवेतची ओढ असेल तर ‘प्रभू, तुझ्या सेवेला ते अधिक बरं असेल तर मला इथेच ठेव’ असं रोज मागायचं. सुरुवातीला शब्द घशात अडकतात. ते अडकतात म्हणजे आसक्ती नेमकी तिथेच आहे. निर्णय उलट्या बाजूने घ्यायचा असा याचा अर्थ नाही. काटा मध्यावर आणण्यापुरताच हा उपाय. तीन आठवड्यांची मुदत असेल तर पहिले आठ-दहा दिवस याच कामाला द्या. साधना नोकरी-संसार सांभाळून करणाऱ्यांसाठी इग्नेशियस दिवसाला दीड तास सुचवतात (१९). तितका जमत नसेल तर ठरलेल्या वेळी सलग पाऊण तास बसा. अधूनमधून दोन-दोन तास बसण्यापेक्षा ते बरं.

दिवसअखेरचं आत्मपरीक्षण (४३) मात्र चुकवू नका. पंधरा मिनिटं पुरतात: आभार, प्रकाशाची मागणी, दिवसाची उजळणी, क्षमायाचना, उद्याचा संकल्प. या काळात उजळणीत एकच गोष्ट जास्तीची पाहा, प्रश्नाचा विचार आला तेव्हा मन कुठे गेलं. ते तारखेसह वहीत टिपून ठेवा. पुढची पारख या टिपणांवरच चालते.

आपली वेळ कोणती ते ओळखा

निवड करण्याच्या तीन प्रकारच्या वेळा इग्नेशियस सांगतात. पहिल्या वेळेत देव इच्छाशक्तीला असं खेचतो की शंकेला जागाच उरत नाही; प्रेषित पौल आणि मत्तय यांना येशूने केलेलं पाचारण तसं होतं (१७५). ती मागून मिळत नाही, तिची वाट पाहत बसू नका.

दुसऱ्या वेळेत (१७६) सांत्वन (देवाकडे ओढणारी प्रसन्नता) आणि उदासी (तिच्या उलट, मनाचा कोरडेपणा) यांच्या चढउतारातून दिशा कळते. याचं मूळ इग्नेशियस यांच्या स्वतःच्या आजारपणात आहे. २० मे १५२१ रोजी स्पेनमधल्या पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने त्यांचा पाय मोडला. लोयोलाच्या वाड्यात पडून असताना सरदारी पराक्रमाची स्वप्नं त्यांना रंगवताना गोड लागत, पण नंतर मन कोरडं पडे. संतांसारखं जगण्याचे विचार मात्र सरल्यावरही मन प्रसन्न ठेवून जात. फरक विचार चालू असताना दिसला नाही, तो मागाहून दिसला. करून पाहायची रीत यातूनच येते. तीन दिवस ‘मी कुवेतला जाते आहे’ असं धरून जगा, प्रार्थना करा, कामावर जा. पुढचे तीन दिवस ‘मी इथेच राहते आहे’ असं धरून. या काळात कोणालाही निर्णय म्हणून काही सांगू नका. वहीत दोन्ही काळांत विचार येताना काय वाटलं आणि तासाभराने काय उरलं, हे वेगवेगळं लिहा.

वाचताना एक कसोटी लावा. देवाकडे चाललेल्या माणसाच्या मनात चांगली प्रेरणा स्पंजात पाण्याचा थेंब मुरावा तशी हळुवार शिरते. वाईट प्रेरणा दगडावर थेंब पडावा तशी आवाज करत (३३५). विचार सुरू कुठून झाला, मध्ये कुठे गेला आणि शेवटी कुठे पोचला, हेही पाहा (३३३). ‘आईची सेवा’ अशा पवित्र विचाराने सुरुवात होऊन शेवटी भावाविषयी कडवटपणा आणि स्वतःविषयी कीव एवढंच उरत असेल, तर मधल्या कुठल्या तरी वळणावर दुसराच आवाज मिसळला आहे.

शांत मनाने, कागदावर

तिसरी वेळ म्हणजे मनात फार खळबळ नाही आणि बुद्धी, स्मृती, इच्छा आपापलं काम नीट करताहेत (१७७). सर्वसाधारण माणसाला बहुतेक वेळा हीच मिळते आणि ती कमी दर्जाची मुळीच नाही. देवाने दिलेली बुद्धी वापरणं हाही देवाला दिलेला प्रतिसाद आहे.

प्रश्न समोर ठेवा, पायाभूत तत्त्व आठवा, इच्छेला योग्य दिशा दे अशी प्रार्थना करा आणि पानाचे चार भाग करा (१७८–१८१). जाण्याचे लाभ, जाण्याचे तोटे, राहण्याचे लाभ, राहण्याचे तोटे. ‘राहण्याचे तोटे म्हणजे जाण्याचेच लाभ, दोनदा कशाला लिहायचे?’ असं वाटेल. लिहून पाहा. परिचारिकेच्या पानावर जाण्याच्या लाभांत येईल: घराचं कर्ज दोन वर्षांत फिटेल, अतिदक्षता विभागाचा अनुभव मिळेल, सोबतची मैत्रीण गेली आहे. राहण्याच्या तोट्यांत मात्र वेगळंच काही उगवेल: ‘दर मंगळवारी भावावर राग येत राहील.’ हा मुद्दा पहिल्या तीन भागांत कुठेच आला नसता. कदाचित तिने आधी सोडवायचा प्रश्न तोच आहे.

आता छाटणी. इग्नेशियस यांच्या लेखी लाभ म्हणजे देवाच्या सेवेला आणि आत्म्याच्या तारणाला पोषक गोष्ट. ‘मैत्रीण गेली आहे’ यावर काट मारा. कर्जावर मारू नका, घरच्यांचा भार हलका करणं हीही सेवाच. प्रत्येक मुद्द्यासमोर तो विवेकातून आला की भीतीतून, हे एका शब्दात लिहा. मुद्दे मोजू नका. सात विरुद्ध चार असा हिशेब केला की बारीकसारीक गोष्टी वजनदार गोष्टीला हरवतात. विवेक कोणत्या बाजूला अधिक झुकतो तेवढंच पाहा आणि त्या बाजूने ठरवा (१८२).

पान भरूनही काही ठरत नसेल तर आणखी चार कसोट्या आहेत (१८४–१८७). निवडीमागची ओढ देवाच्या प्रेमातून येते का? कधी न पाहिलेला, पण ज्याचं भलं व्हावं असं वाटतं असा माणूस हाच प्रश्न घेऊन आला, तर त्याला काय सांगाल? मरणाच्या घडीला कोणती निवड केलेली असावी असं वाटेल? आणि न्यायाच्या दिवशी? अनोळखी माणसाची कसोटी सगळ्यात लवकर काम करते, कारण ती ‘मी’ला बाजूला काढते. अपराधीपणाने पछाडलेल्या माणसाने मरणाची कसोटी एकट्याने वापरू नये. त्याला तिच्यातून भीतीच ऐकू येते.

कुठे बिघडतं

उदासीच्या काळात आधी ठरलेलं बदलायचं नाही (३१८). हा एक नियम पाळला तरी निम्म्या चुका टळतात. उदासी म्हणजे मनाचा अंधार, कोरडेपणा, हलक्या गोष्टींची ओढ, देव दूर गेल्यासारखं वाटणं. अशा वेळी प्रार्थना थोडी वाढवा, ठरलेल्या तासापेक्षा थोडं अधिकच थांबा (१३, ३१९), निर्णयाला हात लावू नका. उलट बाजूही तितकीच खरी: सांत्वनाच्या भरात घाईने वचन किंवा नवस करू नका (१४). रिट्रीटच्या (प्रार्थनेसाठी घेतलेल्या एकांतवासाच्या) शेवटच्या दिवशी दिलेले शब्द याच कारणाने पुढे जड जातात. आणि झोप, भूक, कामातलं लक्ष दोन-दोन आठवडे उडालेलं असेल तर त्याला आध्यात्मिक उदासी म्हणून प्रार्थनेत ओढत नेऊ नका, डॉक्टरांकडे जा. निवड नंतर करता येते.

खुणा मागण्याचा मोह दुसरा. डोळे मिटून बायबल उघडणं, चिठ्ठ्या टाकणं, ‘रविवारपर्यंत फोन आला तर जाईन’ असं ठरवणं. १५२२ मध्ये स्पेनमधल्या मोन्सेरात या तीर्थक्षेत्राच्या वाटेवर खुद्द इग्नेशियस यांनी हेच केलं होतं. मरियेच्या कौमार्याविषयी वाद घालून पुढे गेलेल्या एका मूर (मुस्लिम) माणसाला गाठून सुरा खुपसावा की सोडून द्यावं, हे त्यांना ठरवता येईना. त्यांनी खेचराचा लगाम सैल सोडला. खेचर त्या माणसाच्या गावाकडे वळलं तर मारायचं, मोठ्या रस्त्याने गेलं तर नाही. खेचर रस्त्याने गेलं. तेव्हा आपला आत्मा अजून आंधळा होता, असं त्यांनी पुढे आत्मकथनात सांगितलं. खून करावा की नाही हा मुळात निवडीचा प्रश्नच नव्हता, आणि जबाबदारी माणसाने उचलायची ती जनावरावर टाकली गेली. चिठ्ठी टाकतानाही आपण तेच करतो.

तिसरा धोका मार्गदर्शकाचा. सोबत कोणीतरी असावं: साधना दिलेले फादर, सिस्टर किंवा प्रशिक्षित प्रापंचिक माणूस. मुंबईत वांद्र्याला येशूसंघीयांचं रिट्रीट हाऊस आहे, तिथे अशी सोय होऊ शकते. पण मार्गदर्शकाने कोणत्याही बाजूला झुकता कामा नये. निर्मात्याला निर्मितीशी थेट व्यवहार करू द्यावा, असं ‘साधने’तली १५ वी सूचना सांगते. ‘फादर, तुम्हीच सांगा’ म्हटल्यावर जो लगेच सांगून टाकतो, तो या कामाला योग्य नाही. त्याने विचारायचं ते असं: ‘शनिवारच्या टिपणात शांत वाटलं असं लिहिलंय, रविवारी काय उरलं?’

निवड अर्पण करा, मग थांबा

ठरल्यावर ते देवापुढे ठेवा आणि त्याने स्वीकारून दृढ करावं अशी मागणी करा (१८३). मुदतीतले शेवटचे तीन-चार दिवस यासाठी राखून ठेवा. विवेकाची कारणं आजही तितकीच खरी वाटतात का, लहानसहान कामांना बळ येतं का, प्रार्थना चालू राहते का, ते पाहा. ‘सुटलो एकदाचे’ हे हायसं वाटणं पहिल्या रात्री येतं. ते कुठल्याही निर्णयानंतर येतं, म्हणून त्याला पुष्टी समजू नका. आतला अस्वस्थपणा दिवसेंदिवस टिकून राहिला आणि उदासीची इतर लक्षणं नसली, तर पान पुन्हा उघडा.

पण पुष्टी मागण्यालाही शेवट असतो. आपल्या संघाच्या चर्चना ठरावीक उत्पन्न असावं की नसावं या प्रश्नावर इग्नेशियस यांनी १५४४ मध्ये, २ फेब्रुवारीपासून १२ मार्चपर्यंत, चाळीस दिवस रोजनिशी लिहिली. कौल लवकरच एका बाजूला स्पष्ट झाला होता, तरी ते आणखी खुणा मागत राहिले. अखेर ही मागण्याची ओढच अडवते आहे हे ओळखून त्यांनी विषय मिटवला.

परिचारिकेच्या वहीतल्या शेवटच्या पानावर तारीख, निर्णय आणि तीन मुख्य कारणं असावीत. बदलता येण्याजोगी निवड नीट केली असेल तर ती पुन्हा उकरायचं कारण नाही (१७३). फक्त परिस्थितीच बदलली, म्हणजे आईची तब्येत ढासळली किंवा कराराच्या अटी फिरल्या, तर नवा प्रश्न नव्या ओळीत लिहायचा आणि माहिती गोळा करण्यापासून सुरुवात करायची.